पाव तोळा

मसोली, डहाणू रोड
२४ जानेवारी १९६१

सूर्यकांत,

काल बाबांचं तेरावं झालं. तू नव्हतास. तार अकरा तारखेला दुपारी केली होती, तिची पावती माझ्याकडे आहे. अग्नी शेजारच्या शांतारामकाकांनी दिला. तू लखदीव बेटांकडे जाणाऱ्या बोटीवर आहेस, असं तुझ्या खोलीच्या मालकांनी कळवलं. तिथली पाखरं मोजून झाली असतील.

तुझी पेटी दहाव्याच्या दिवशी मिळाली. दारात नातेवाईक बसलेले आणि रेल्वेचा हमाल सही मागत उभा. माणूस आला नाही, पेटी आली. आत ग्रॅमची नवी वजनं आहेत असं पावतीवर लिहिलं आहे. पोचली, एवढं कळवते.

मेमध्ये धवळ्याच्या बेटावर जाऊन सुरय पाखरांच्या पिल्लांची वजनं मी करीन. बाबांनी पाच वर्षं केली, त्यात खंड पडू देणार नाही. आकडे तुला टपालाने मिळत जातील. त्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी इकडे येण्याची तसदी घेऊ नकोस.

प्रभा


मसोली
११ जून १९६२

सूर्यकांत,

यंदाचे आकडे सोबत. एकूण अठ्ठावीस पिल्लं, त्यांतली एकोणीस उडेपर्यंत जगली. चार घारीने नेली. पाचांचं काय झालं ते कळलं नाही. दर तिसऱ्या दिवशी गेलो, एकच दिवस वाऱ्यामुळे चुकला. पायाला दोरा गेल्या वर्षीसारखाच, सैल, प्रत्येकाचा रंग वेगळा.

तुझ्या कार्डात लिहिल्याप्रमाणे 'वजनं' या रकान्यात पारड्यात किती वजनं लागली तो आकडा लिहिला आहे. दहाने गुणण्याचं काम तुझं.

होडी वल्हवताना हिरकणी विचारत होती, "मास्तरांचा पोरगा कवा येनार?" मी म्हटलं, त्याला आकडे पुरतात.

पेटी ठीक आहे.

प्रभा


तलासरी, शाळेतून
३० मार्च १९६५

सूर्यकांत,

मधल्या सुट्टीत लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. अक्षराचं कारण फक्त घाई आहे असं समजू नकोस.

परवा रविवारी नरपडच्या किनाऱ्यावर दोन शिपाई आणि एक कारकून आले. त्यांनी हिरकणीच्याच होडीतून धवळ्यावर नेण्याचा हुकूम केला. तिला वाटलं, कोणी साहेबलोक पाखरं बघायला आले. मी सुट्टीची म्हणून सोबत होते. उतरल्या उतरल्या शिपायांनी बोंबलांच्या दोऱ्या कापल्या. मग वाळूवर पसरलेला जवळा पायांनी आणि खराट्याने समुद्रात लोटला. तीन दिवसांचा जवळा होता, वाळत आलेला. नरपडच्या सतरा घरांचा.

तू धवळा आठ वर्षांत पाहिला नाहीस, म्हणून सांगते. किनाऱ्याची जी पट्टी या लोकांना मासळी सुकवायला होती, तिला दोन वर्षांपूर्वी चिकूच्या वाडीचं कुंपण पडलं. आता त्यांच्याकडे धवळाच उरला आहे. एक खडक आणि शेताएवढी वाळू. दक्षिणेच्या टोकाला सुरय अंडी घालतात, उत्तरेच्या टोकाला हे मासळी वाळवतात. मधे हिरकणीच्या सासूने मांडलेली दगडांची ओळ आहे. एप्रिल लागला की ती ओळ कोणी ओलांडत नाही. पोरंसुद्धा नाहीत. ओलांडली की सासू पाठीत धपाटा घालायची, आता हिरकणी घालते.

कारकुनाने कागद वाचला. मी तुला तो जसाच्या तसा लिहून देते, कारण मला तो पाठ झाला आहे. "सदर बेटावरील सुरय पक्ष्यांच्या पिल्लांचे वजन गेल्या चार वर्षांत सातव्या हिश्श्याने घटले असून, मासळी सुकविणाऱ्यांच्या वावरामुळे पिल्लांची उपासमार होत असल्याचे शास्त्रीय पाहणीत आढळून आले आहे. सबब बेटावर कोणीही पाऊल ठेवू नये."

हिरकणी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "कोन उपाशी?"

"पिल्लं."

"कोनची? आमची का पाखरांची?"

लोक हसले. कारकून हसला नाही. "पाखरांची. लिहिलंय इथं."

"अरे बाबा, तोलली कोनी ती? ह्या हातांनी तोलली. पारडं मी धरलं, आकडा ह्या बायनं लिवला. आनि तू मला सांगतो उपाशी?"

"तुझं नाव नाही कागदात."

"पिल्लांचं तरी हाय का?"

मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू घे तो कागद. वाच नि सांग त्याला, काय चुकलंय ते."

सगळे माझ्याकडे बघत होते. कागदात शास्त्रज्ञ म्हणून एकच नाव होतं, तुझं. मी म्हटलं, "बघते."

आता तूच बघ. कसला हिशेब मांडलास? पिल्लं चांगली आहेत. पहिल्या वर्षी जशी होती तशीच आहेत. मी हातात घेतली आहेत, तू नाहीस. हरकती घेण्याची मुदत एकतीस मेपर्यंत आहे. त्याच्या आत ज्या समितीने हा हुकूम काढवला तिला लिहून कळव की तुझं काही तरी चुकलं आहे. नाही तर हुकूम कायम होईल आणि जून लागायच्या आत नरपडची सतरा घरं मासळी ओली विकतील, म्हणजे फुकट देतील.

घंटा झाली.

प्रभा


मसोली
१३ एप्रिल १९६५

सूर्यकांत,

तुझं उत्तर मिळालं. टंकलेखन सुरेख आहे.

"ताई, आकडे तुझेच आहेत. मी फक्त गुणाकार केला." असं लिहितोस. पुढे, "भावनेच्या भरात निष्कर्ष बदलता येत नाहीत." हे वाक्य तू मला लिहिलंस? बाबा गेल्यावर जिने चार वर्षं दर मेमध्ये उन्हात पाठ भाजून घेतली, तिला? मी भावनेच्या भरात असते तर पहिल्याच वर्षी तुझी वही चुलीत गेली असती.

तू विसरला असशील म्हणून आठवण देते. ही मोजणी मुंबईच्या तुझ्या संस्थेने सुरू केली नाही. बाबांनी केली. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त होताना त्यांनी टपालाचा जुना काटा मोडीत विकत घेतला. तोळ्याची वजनं त्याच्याबरोबर आली, लाकडी ठोकळ्यात बसवलेली: दोन तोळ्यांची दोन, एक तोळ्याचं एक, अर्धा आणि पाव. तू कॉलेजातून सुट्टीला आला होतास आणि धवळ्यावरून एक मेलेलं पिल्लू घेऊन आलास. बाबा म्हणाले, "मेलेलं कसलं मोजतोस? जिवंत मोज. रोज किती चढतं ते कळेल." पिल्लू पारड्यात बसेना, तेव्हा खाकी लिफाफ्याचा कोन करून त्यात डोकं खाली घालून ठेवण्याची युक्ती त्यांची. लिफाफ्यात गेलं की गप्प राहायचं. बाबा म्हणायचे, "टपाल झालं रे त्याचं."

आणि हिरकणीने पहिल्याच दिवशी काटा अडवला होता, आठवतं? "लेकराला तोलू नये. तोललेलं लेकरू वाढत नाय." त्यांच्यात मूल तोलायचंच असेल तर पारड्यात मिठाचा खडा टाकतात, म्हणजे खरं वजन कुणाला कळत नाही. तू हसलास. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "टाक. पण तेवढाच खडा दुसऱ्या पारड्यातही टाक." तिने विचार केला आणि म्हणाली, "चालंल." तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही पारड्यांत एकेक खडा पडतो. तुझ्या छापील लेखात या पद्धतीचा उल्लेख नाही. 'स्थानिक मदतनीस' असे दोन शब्द आहेत, तेही तळटिपेत.

आता गुणाकाराचं.

चार वर्षं मी तुला जे कागद पाठवले ते समोर घे. पिवळा दोरा, अठरावा दिवस: पावणेचार. तांबडा दोरा, अठरावा दिवस: चार. निळा दोरा: सव्वाचार. बघितलंस? आता तुझं एकसष्टचं कार्ड काढ. त्याची नक्कल तू ठेवली असशीलच. त्यात पेटीतल्या वजनांची यादी आहे: दहा ग्रॅमची दहा, पाचाचं एक, दोनाची दोन, एकाचं एक. सांग मला, या पेटीतून 'पाव' कसं तोलायचं? दहाचा पाव म्हणजे अडीच. तुझ्या पेटीत अर्धा ग्रॅमच नाही. तरी चार वर्षं, प्रत्येक पानावर, पाव आणि पाऊण. सगळ्या हिंदुस्थानातल्या पाखरांचे आकडे तुझ्या टेबलावर येतात म्हणे. त्यांतल्या एकाही पावाने तुझा हात थांबवला नाही?

ते तोळे आहेत, सूर्यकांत. बाबांचे तोळे. साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त एक. साठपर्यंतचे आकडे तू बरोबर त्या हिशेबाने बदललेस आणि एकसष्टपासूनचे दहाने गुणलेस. चार तोळ्यांचं पिल्लू साठ साली साडेसेहेचाळीस ग्रॅम होतं, तेच चार तोळ्यांचं पिल्लू एकसष्ट साली चाळीसवर आलं. सातवा हिस्सा गेला. पिल्लाचा नाही. तुझ्या कागदावरचा.

पेटी वापरली गेली नाही. कारण विचारू नकोस. घाईत राहून गेलं असं समज. तूही विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आता उलट टपालाने समितीला लिही.

प्रभा


मसोली
२७ एप्रिल १९६५

सूर्यकांत,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. मला वाटलं होतं, तू लिहिशील आणि माझं काम सरेल. तू लिहीत नाहीस म्हणून मी स्वतः गेले. काय झालं ते ऐक. यात तुला बरं वाटेल असंही काही आहे.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून समितीच्या साहेबांकडे गेले. तोळ्याची वजनं पिशवीत घेतली होती. साहेब भला माणूस दिसला, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाई, सांगितलेली वजनं तुम्ही वापरली नाहीत?"

"नाही."

"आणि वापरली असं कळवलंत?"

"पेटी ठीक आहे, असं कळवलं."

"म्हणजे एकदा तुम्ही चुकीचं कळवलंत. आता हे दुसरं कळवता. यातलं खरं कुठलं, हे मी कशावरून ठरवू?"

वर्गात मी पोरींना हेच विचारते.

ते म्हणाले, "ज्यांनी लिहिलं त्यांनी येऊन माझ्या माणसासमोर पुन्हा तोलावं, आणि चुकलं असं सहीनिशी द्यावं. शास्त्रज्ञ स्वतः म्हणाले तर मला हरकत नाही. तुमच्या शब्दावर मला काही करता येणार नाही." निघताना म्हणाले, "नवी वजनं आहेत ना जाग्यावर? ती तरी दाखवायला ठेवा." मी हो म्हटलं.

तिथून नरपडला गेले. हिरकणी रस्त्याच्या कडेला जवळा पसरत होती. एसटी गेली की सगळी धूळ त्यावर. कावळे, कुत्री, शेण. तिचा नवरा धोंडू काठी घेऊन उभा होता. बंबईच्या शेठने हा माल नाकारला, असं म्हणाला. हिरकणीने मला बसायला पाट दिला नाही. त्यांच्याकडे हे पहिल्यांदाच.

मी तोळे आणि ग्रॅम समजावायला लागले. तिने हात वर केला.

"ते ऱ्हाव दे. मला एवढंच सांग. तुला ठाव होतं?"

"हो."

"कवापासून?"

आता तूही ऐक, कारण हे मी तुझ्यापासूनही लपवलं आहे. नाताळच्या सुट्टीत तुझा छापील लेख आला. मी तो वाचत नाही अशी तुझी समजूत असेल. पण बाबांनी मला इंग्रजी तुझ्याइतकंच शिकवलं होतं, कॉलेजची फी फक्त एकाचीच भरता आली. तिसऱ्या पानावरचा तक्ता पाहिला आणि मला दहा मिनिटांत कळलं. सातवा हिस्सा. मी हसले, सूर्यकांत. खरंच हसले. शाळेतून घरी आले की तो लेख काढायचा आणि त्या तक्त्याकडे बघायचं, हा माझा तीन महिने उद्योग होता. छापलेली चूक, तुझ्या नावाखाली. मी ठरवत होते की कधी तरी तुझ्या विद्वान मंडळींच्या समोर येऊन सांगायचं, कुठल्या वाक्याने सुरुवात करायची तेही ठरवलं होतं. त्या तक्त्यावरून कुणी हुकूम काढील, कुणाच्या दोऱ्या कापील, हे माझ्या मनातही आलं नाही. माझ्या मनात फक्त तू होतास.

मी हिरकणीला म्हटलं, "नाताळपासून."

"आनि त्या दिशी सगल्यांसमोर मी बोल्ले, बाय तू वाच. तू काय बोल्लीस?"

"बघते."

"बघते," ती म्हणाली. धोंडूने मान फिरवली. ती पुन्हा जवळ्यातले खडे वेचायला लागली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "मास्तर पाखरू तोलायचे तवा पारड्यावर माशी बसली तरी थांबायचे. उडू दे म्हनायचे. तू तर भावावरचा राग बसवलास पारड्यात. चार वरसं. नि धरलं ते पारडं मी."

मी म्हटलं, "मेमध्ये पुन्हा तोलू. दोन्ही वजनांनी. मी लिहून देते."

"माझ्या होडीत पाय ठेवू नको आता. भावाला आन तुझ्या. त्याला नेते. त्याचं तोंड मला पायचं हाय."

मसोलीला चालत आले. एसटीत बसण्याचं धैर्य नव्हतं, जवळ्यावर धूळ उडाली असती.

घरी येऊन पेटी काढली. साहेबांना दाखवायची म्हणून. चार वर्षं ती बाबांच्या खाटेखाली आहे. खिळे तुझ्याच हातचे, वाकडे. होय, सूर्यकांत, ती कधी उघडलीच नव्हती. घाईत राहून गेलं असं मी लिहिलं होतं, ते खोटं. ज्या दिवशी आली त्या दिवशी मी ठरवलं की बाबांच्या पाखरांना या पेटीतलं काही लावायचं नाही. एवढं साधं होतं ते.

वरच्या कागदावर तुझं अक्षर. पूर्ण उतरून काढते, म्हणजे तुलाही वाचता येईल:

"ताई, पेटी बाबांनाच उघडू दे. या मेमध्ये दहा पिल्लं दोन्ही वजनांनी तोला, आधी तोळ्यांनी मग ग्रॅमनी, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, म्हणजे मागच्या वर्षांशी मेळ बसेल. हे फार महत्त्वाचं आहे. मी परवा बोटीवर चढतो, मेमध्ये घरी येतोच. पारडं मी धरीन, हिरकणीला सांग. बाबांचा खोकला कसा आहे? सूर्या. ९ जानेवारी १९६१."

नऊ जानेवारी. बाबा अकराला गेले. पेटीच्या पावतीवरही नऊच तारीख होती. स्टेशनात ती आठ दिवस पडून होती, कारण आणायला कुणाला वेळ नव्हता. मी पावतीवर सही केली आणि तारीख वाचली नाही. चार वर्षं मी तुला माणसाऐवजी पेटी पाठवणारा म्हणत आले.

आता तुला बरं वाटलं असेल. पण थांब.

तू दोन आकडे शेजारी शेजारी मागितले होतेस. 'फार महत्त्वाचं' असं लिहिलं होतंस. एकसष्टच्या जूनमध्ये माझ्याकडून एकच रकाना आला. बासष्टला एकच, त्रेसष्टला, चौसष्टलाही एकच. तू का विचारलं नाहीस, "ताई, दुसरा रकाना कुठे?" विचारलं असतंस तर पहिल्याच वर्षी भांडण झालं असतं आणि संपलं असतं. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून तू गप्प बसलास आणि दहाने गुणत राहिलास. मला राग होता, म्हणून मी खोटं लिहिलं. तुला कसला राग होता?

आणि त्या मेमध्ये तू का आला नाहीस? मी येऊ नको म्हटलं म्हणून? आंब्यावर चढू नको म्हणत होते तेव्हा किती ऐकायचास?

प्रभा


मसोली
९ मे १९६५

सूर्या,

तुझं पत्र काल मिळालं. हातचं आहे, टंकलेखन नाही, हे पाहिलं. बाकी काय लिहिलंस त्यावर आत्ता काही लिहीत नाही. एका ओळीवर मात्र लिहिते.

"पुढच्या वर्षीच्या अंकात दुरुस्ती छापण्याची व्यवस्था करतो."

पुढचं वर्ष! शास्त्राला पुढचं वर्ष असतं. जवळ्याला दुसऱ्या दिवशी ऊन लागतं. एकतीस मेला मुदत संपते आणि त्यानंतर हुकूम कायम होतो, हे मी तुला मार्चमध्येच लिहिलं. तुझा अंक वाचून हिरकणी मासळी कुठे वाळवणार आहे? त्या अंकावर?

आता नीट वाच.

अंडी फुटली. धोंडूने आणखी दोघांना घेऊन होडीतूनच पाहिली, हुकूम मोडला नाही. पहिली पिल्लं चार तारखेची धर. म्हणजे बावीसला, शनिवारी, ती अठरा दिवसांची होतात. त्या दिवशी तोलायची. साहेबांना मी जाऊन भेटले. त्यांचा माणूस सकाळी सातला नरपडला येईल, त्या एका दिवसाची परवानगी त्याच्याकडे असेल. तू शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीने ये, नाही तर पहाटेच्या. घराची किल्ली शांतारामकाकांकडे आहे.

मी साहेबांना माझ्याकडून लेखी दिलं आहे: चार वर्षं सांगितलेली वजनं वापरली नाहीत, ते जाणूनबुजून, आणि डिसेंबरात चूक कळूनही बोलले नाही. त्याची एक प्रत हेडमास्तरांना दिली. उद्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. ते म्हणाले, "बाई, हे कशाला?" पोरींना खाडाखोड न करता लिहायला शिकवते, म्हटलं. वरून काय येईल ते येईल. तुला हे सांगते ते दया यावी म्हणून नाही. माझा वाटा मी सही करून दिला आहे. तुझा राहिला आहे.

तुझी पेटी आणि बाबांचा काटा, तोळ्यांसकट, एका पिशवीत घालून आज हिरकणीच्या दारात ठेवून आले. खाकी लिफाफे आहेत, बाबांचेच, दहा-बारा उरले होते. ती बाहेर आली. पिशवी उचलली, आत पाहिलं आणि विचारलं, "येनार का तो?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ती म्हणाली, "मंग खरं बोलायला लागलीस."

होडीत मला जागा नाही. ते बरोबर आहे. तिथे तू, ती, धोंडू आणि साहेबांचा माणूस. पारडं तू धर, आकडा ती सांगेल. तुझ्याहून तिची नजर चांगली आहे. लिहून घे. आधी तोळे, मग ग्रॅम, शेजारी शेजारी. दगडांची ओळ कुठे आहे ते ती दाखवील, तिच्या अलीकडे चप्पल काढ. दोन्ही पारड्यांत मिठाचा खडा टाकायला विसरू नकोस, नाही तर ती पिल्लाला हात लावू देणार नाही. मीठ तिच्याकडे आहे, तू आणू नकोस.

कागदावर तिचं नाव लिही. हिरकणी धोंडू मांगेला, नरपड. तळटिपेत नको.

मी किनाऱ्यावर असेन. माझा राग गेला असेल अशा भरवशावर येऊ नकोस. गेलेला नाही, तुझ्यावरचाही नाही. तरी ये.

ताई